पेटी नंबर चारचा आकडा

कंप्युटर मेला, असं कुणी म्हटलं की भंगारमामांच्या कपाळाला आठी पडायची. "माणूस मरतो. मशीन नुसतं रुसतं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग ते समोरच्याच्या हातातून मशीन जवळजवळ हिसकावून घ्यायचे, स्क्रू काढायचे, रंगाच्या ब्रशने पंख्यातली धूळ झटकायचे, मेमरीची पट्टी उपसून तिच्या सोनेरी कडा साध्या खोडरबरने घासायचे आणि दहापैकी सात वेळा मशीन खरंच उठून बसायचं. उरलेल्या तीन वेळांबद्दल ते बोलत नसत. आपलं जमलेलंच माणूस सांगत सुटतो, त्यात मामांचं काही निराळं नव्हतं.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. आत ताठ उभं राहिलं की पायरी डोक्याला लागायची, त्यामुळे मामांना आयुष्यभर वाकून चालायची सवय जडली होती. आधी ते टाइपरायटर दुरुस्त करायचे. टाइपरायटर गेले तेव्हा मामा पंचेचाळिशीचे होते. नोकरीसाठी चार ठिकाणी अर्ज केले आणि चारही ठिकाणांहून एकच उत्तर आलं: आपण या जागेसाठी पात्र नाही. मग कचेऱ्यांनी फेकून दिलेले कंप्युटर त्यांनी गोळा करायला सुरुवात केली. लोकांनी चिडवायला भंगारमामा नाव ठेवलं आणि या गृहस्थाने तेच पाटीवर रंगवून घेतलं. जगाने खिजवायचं कसं, असा प्रश्न पडावा इतका हा माणूस हट्टी होता.

मामी मात्र खिजवायच्या. "माणूस जुना झाला की त्याला कुणी हिंग लावून विचारत नाही, आणि तुमच्याकडे मशीन जुनं झालं की त्याचे लाड सुरू. मीपण एकदा बंद पडून बघते."

"तू पडायची नाहीस बंद," मामा म्हणायचे. "तुझा आवाजाचा भाग फार मजबूत आहे."

मामांची खरी ख्याती एकाच गोष्टीची होती. वीस-वीस वर्षांपूर्वीच्या कंप्युटरवर ते आजची नवी सिस्टीम चढवून दाखवायचे. हे सोपं नसतं. नवी सिस्टीम आत शिरण्याआधी मशीनची तपासणी करते, वय बघते, ताकद बघते आणि नाही आवडलं तर पडद्यावर लिहून मोकळी होते की हा संगणक या सिस्टीमसाठी पात्र नाही. तो शब्द वाचला की मामांचं डोकंच फिरायचं. सिस्टीमच्या फायलींमधून तो तपासणीचा भागच ते उपटून टाकायचे. मग सिस्टीम आंधळेपणाने आत यायची आणि आल्यावर दमून बसायची. तिला हलकं करायला मामा एकेक ओझं उतरवायचे. मागची चित्रं बंद, सावल्या बंद, आवाज बंद. "पात्र कोण, अपात्र कोण, हे मी ठरवणार," असं म्हणून ते कपाळावर चष्मा चढवायचे. त्या क्षणी त्यांच्याकडे बघायला मौज वाटायची, हे कबूल केलं पाहिजे.

म्हणूनच रुग्णालयाने त्यांना बोलावलं.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ठेवायच्या तिथे सहा काचपेट्या होत्या. पेटीतल्या बाळाच्या अंगाला एक बारीक तार चिकटवलेली असायची. सहाही तारा भिंतीतून बाहेरच्या खोलीत, सिस्टरांच्या टेबलावरच्या कंप्युटरात जायच्या आणि पडद्यावर सहा आकडे दिसायचे, सहा बाळांच्या अंगातली ऊब. बाळांच्या डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावर बसायच्या आणि तेच आकडे त्यांना तिथेही दिसायचे. एक दिवस वरिष्ठांकडून पत्रक आलं की जुन्या सिस्टीमचे सगळे कंप्युटर महिनाअखेरीस रुग्णालयाच्या नेटवर्कच्या जाळ्यातून तोडले जातील. नवा कंप्युटर आणला असता, पण पेट्यांच्या तारा ज्या कार्डाला जोडलेल्या होत्या ते कार्ड इतकं जुनं होतं की नव्या कंप्युटरात ते बसवायला खाचच नव्हती. पेट्या बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली. तेव्हा मशीन जुनंच ठेवायचं आणि सिस्टीम नवी चढवायची, हा एकच मार्ग होता, आणि तो मार्ग जिन्याखालून जात होता.

मामांनी दोन दिवसांत काम केलं. सिस्टीम चढली, कार्ड बोलायला लागलं, सहा आकडे आले. पण पडदा अडखळत होता. आकड्यांच्या शेजारी प्रत्येक बाळाची एक हिरवी रेघ सरकायची, ती झटके खात होती. मामांनी रेघा बंद केल्या. तरी गाडी जड. मग त्यांना कोपऱ्यात लुकलुकणारा एक हिरवा ठिपका दिसला. सेकंदाला एकदा पेटायचा, विझायचा.

"हा कशाला आहे हो?" त्यांनी विचारलं.

तिथे दोन सिस्टर होत्या. धाकट्या सिस्टर खांदे उडवून म्हणाल्या, "पहिल्यापासून आहे. कशाला ते माहीत नाही."

"मग गेला तर चालेल?"

"आमचं काय जातंय मामा. आम्ही आकडे बघतो."

मामांनी ठिपका काढला. आता पडद्यावर सहा मोठे, स्वच्छ, पांढरे आकडे तेवढे उरले. वाचायला इतके सोपे, की सगळ्यांनी कौतुक केलं. जाताना मामांनी कंप्युटरच्या डोक्यावर एक कागद चिकटवला. 'अडलं तर बटण दाबून धरा, दहा मोजा, परत चालू करा. घाबरू नका.' खाली सही, भंगारमामा.

चार महिन्यांनी मामांची लेक बाळंत झाली. दोन महिने आधी. मुलगी झाली, वजन सव्वा किलो, आणि तिला पेटी नंबर चारमध्ये ठेवलं. जावई कामाच्या गावी होते, ते पोचायला दोन दिवस लागणार होते. मामी लेकीजवळ बसल्या आणि मामा काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर.

ती नात बघून मामा हादरलेच. तळहातावर मावेल एवढा जीव, अंगावर कातडी इतकी पातळ की आतलं सगळं दिसावं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, "फुप्फुसं बरी आहेत, दूध उतरतंय. आता सगळं उबेवर आहे. हिला स्वतःची ऊब धरता येत नाही. ती सांभाळली की तीन आठवड्यांत घरी न्याल."

सगळं उबेवर आहे. मामांनी ते वाक्य मनात घट्ट धरलं. बाकावरून त्यांना काचेपलीकडे पेट्या दिसत नसत, पण टेबलावरचा पडदा दिसायचा. चार नंबरला छत्तीस पूर्णांक पाच. पहिले दोन दिवस ते त्या आकड्याकडे बघून जगले म्हटलं तरी चालेल. डबा आला की आकड्याकडे बघत जेवायचे, लेकीला भेटून आले की आधी आकडा बघायचे. मामींना त्यांनी सांगितलंही, "आपलं मशीन आहे ते. आपल्या हातचं. आपल्याच नातीवर पहारा करतंय." मामींनी त्यावर टोमणाही मारला नाही, यावरून काय ते समजावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकट्या सिस्टर आत गेल्या. दार उघडं होतं म्हणून मामांना दोन नंबरची पेटी दिसली. सिस्टरांनी पेटीची खिडकी उघडली, दोन्ही हात आत घातले आणि बाळाचं दुपटं बदलायला लागल्या. बाळ रडत होतं. दुपटं, मग नळी, मग पुन्हा दुपटं, असं बराच वेळ चाललं. मामांनी सहज पडद्याकडे पाहिलं. दोन नंबरला छत्तीस पूर्णांक आठ.

मामा बघत राहिले. मशीन बसवताना त्यांनी स्वतः ही गंमत पाहिली होती. पेटीची खिडकी उघडली की मिनिटभरात आकडा दोन-तीन दशांशांनी उतरायचा, बंद केली की चढायचा. आत्ता खिडकी उघडून पाच मिनिटं झाली होती आणि छत्तीस पूर्णांक आठ जागचा हलला नव्हता. त्यांनी एक नंबर पाहिला. तीन पाहिला. चार पाहिला. किती वेळ चार नंबरला छत्तीस पाच आहे? जेवताना होतं. जेवायच्या आधी होतं. लेकीकडून आलो तेव्हा होतं.

ते बाकावरून उठले. पडदा मेलेला होता. मेलेला होता आणि डोळे उघडे होते, आणि त्या डोळ्यांकडे बघून आपण सकाळपासून निश्चिंत बसलोय. ऊब उतरली की वाजणारा चार नंबरच्या पेटीचा स्वतःचा भोंगा बिघडलेला आहे, दुरुस्तीला कुणी येत नाही, हे मोठ्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वर हेही सांगितलं होतं की काळजी नको, पडद्यावर दिसतंच की.

"सिस्टर!" मामा ओरडले. चपलांसकट आत शिरले. "चार नंबर! चार नंबर बघा! पडदा खोटा आहे!"

धाकट्या सिस्टर दचकल्या, पण हात त्यांचा सरावाचा होता. चार नंबरची खिडकी उघडून त्यांनी बाळाच्या पोटाला हात लावला, मग पावलांना. मामांना त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती. या माणसाने आयुष्यात देवाला फारसा त्रास दिला नव्हता, तेवढ्या वेळात सगळी थकबाकी मागून घेतली.

"गरम आहे," सिस्टर म्हणाल्या. काखेत थर्मामीटर लावून त्यांनी पुन्हा बघितलं. "छत्तीस पूर्णांक सात. छान आहे मामा. एवढं काय घाबरताय?"

मामा जमिनीवरच बसले.

सिस्टर बाहेर आल्या, टेबलावरचा माउस हलवून बघितला आणि हसल्या. "अडलंय होय. होतं हे अधूनमधून." त्यांनी बटण दाबून धरलं, ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजलं आणि परत चालू केलं. "तुम्हीच लिहून ठेवलंय ना. मी घाबरत नाही आता."

"अधूनमधून म्हणजे?"

"म्हणजे आठवड्यातून एकदा-दोनदा. मी काही नोंदवायला बसले की कळतं, माउस हलत नाही. मग करते बंद-चालू."

"आणि तुम्ही नोंदवायला बसेपर्यंत किती वेळ ते अडलेलं असतं?"

सिस्टरांचं हसू मावळलं. हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता, आणि का पडावा? मशीन अडतं, परत चालू करायचं, असं ज्याला कळतं त्यानेच लिहून दिलं होतं. रोग लपवायची गोळी मामांनी स्वतःच्या सहीने देऊन ठेवली होती. तो लुकलुकणारा ठिपका कशाला होता, तेही त्यांना आता कळलं. मी जिवंत आहे, एवढंच तो सेकंदासेकंदाला सांगत होता. रेघा सरकायच्या त्याही त्याचसाठी. मशीन मेलं तर मेलेलं दिसावं म्हणून कुणीतरी शहाण्या माणसाने ते करून ठेवलं होतं, आणि मामांनी ते ओझं म्हणून उतरवलं.

ते कंप्युटरसमोर बसले. मशीन केव्हा केव्हा अडलं याची नोंद सिस्टीम स्वतः ठेवते, ती तारीखवार बघायची असं त्यांनी ठरवलं. वही उघडावी तशी ती जागा उघडली. रिकामी. चार महिन्यांत एक ओळ नाही. नोंदी लिहिण्यात जुनी डिस्क दमते, म्हणून बसवतानाच त्यांनी तेही बंद केलं होतं. मामा त्या रिकाम्या पांढऱ्या चौकटीकडे बराच वेळ बघत होते. आपल्या नातीचं काही बिघडलं नाही, हे कळल्यावर माणसाला सुटल्यासारखं वाटायला हवं. मामांना वाटत नव्हतं. या चार महिन्यांत त्या सहा पेट्यांमध्ये लोकांची पोरं होती.

मोठ्या सिस्टर दुपारच्या पाळीला आल्या. जन्म गेलेला या खोल्यांत, बोलणं मोजकं. मामांनी सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. मग विचारलं, "या चार महिन्यांत एखादं बाळ... गार पडून..."

मोठ्या सिस्टरांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "एक गेलं. पेटी चारमधलंच. मुलगा होता. मी सगळ्यांना हात लावत चालले होते, हा हाताला गार लागला. आम्ही खूप केलं. आधीच अशक्त होता तो."

"तेव्हा पडद्यावर काय होतं?"

"मामा," त्या म्हणाल्या, "मी बाळाकडे बघू की पडद्याकडे?"

डॉक्टरीणबाईंना सांगायला मामा वर गेले तेव्हा त्यांना वाटलं होतं, बाई आता हाकलून देतील, पोलिसांना बोलावतील. खरं तर त्यांना ते हवंच होतं. पण बाई म्हणाल्या, "आम्हीही विचारायला हवं होतं. मी इथे वर बसून आकडे बघत होते, उंटावरून शेळ्या हाकत होते. हे सगळं लिहून वरिष्ठांना पाठवते, तुमची सही लागेल." मामांनी मान हलवली. "पण आज सहा पेट्या भरलेल्या आहेत आणि सिस्टर दोन. मशीन बंद ठेवून चालणार नाही. तुम्ही ते परत पूर्वीसारखं करा. जाळ्यातून तोडा, मला वर आकडे नकोत."

आणि मग मामांना ज्या मशीनची दहशत बसली होती तेच मशीन पुन्हा स्वतःच्या हातांनी उभं करावं लागलं. जुनी सिस्टीम, सरकत्या रेघा, ठिपका. प्रत्येक स्क्रू त्यांनी दोनदा तपासला. पेट्यांवर एक तक्ता लागला: दर पाव तासाला हात लावायचा, थर्मामीटर लावायचा, लिहायचं. कंप्युटरच्या डोक्यावरचा कागद मामांनी नखाने खरवडून काढला.

पुढचे तीन आठवडे ते माणसात नव्हते. नात पेटीतच होती, लेकीला काही सांगावं तर ओली बाळंतीण, न सांगावं तर घास उतरत नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, मामा तर पाणीसुद्धा फुंकायला लागले. ठिपक्याकडे बघायचे आणि त्याच्यावरही विश्वास ठेवायचे नाहीत. सिस्टरांनी हात लावला का, काय लिहिलं, हे काचेतून विचारत राहायचे, इतकं की एकदा धाकट्या सिस्टरांनी दारच लावून घेतलं. शेवटी मामींनी त्यांना जिन्यात गाठलं. "काय आहे ते मला सांगा. पोर चांगली आहे आणि तुम्ही सुतक आल्यासारखे फिरताय."

मामांनी सांगितलं. मामी पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "त्या बाईला माहीत आहे?"

"कोणत्या?"

"ज्यांचा मुलगा गेला त्या."

"नाही. आणि मला तरी कुठे माहीत आहे? असेलच असं नाही. तेव्हा मशीन चालूही असेल."

"असेल," मामी म्हणाल्या. त्या एका शब्दाने मामांना सोडलंही नाही आणि धरलंही नाही.

नात घरी आली. दोन किलोची, आवाज खणखणीत. मामा दिवसातून दहा वेळा तिच्या पावलांना हात लावायचे. लेक हसायची, "बाबा, तिला झोपू दे की." दुकानात मात्र त्यांचं मन लागेना. कुणी जुनं मशीन घेऊन आलं आणि म्हणालं की मामा, नवी सिस्टीम टाका, तर ते म्हणायचे, "कशासाठी वापरता?" गाणी ऐकायला, पत्रं लिहायला, असं म्हटलं तरच हात लावायचे.

एका सकाळी एक बाई दुकानात आल्या. तिशीच्या असतील. पिशवीतून एक जाडजूड, कडा तुटलेला लॅपटॉप काढला. "हा चालूच होत नाही. भावाचा जुना आहे. मोठ्या सिस्टरांनी तुमचं नाव दिलं. म्हणाल्या, शहरात दुसरं कुणी करणार नाही."

"कशासाठी वापरता?" मामांनी विचारलं.

"वापरत नाही. यात माझ्या मुलाचे फोटो आहेत. नऊ दिवसांचे. फोन पाण्यात पडला, आता फक्त यातच आहेत." आणि मग, विचारलं नसताना, "पेटीत होता तो. चार नंबरच्या."

मामांनी लॅपटॉप घेतला. बाईंना बाकावर बसायला सांगून त्यांनी तो उघडला. हात आपोआप कामाला लागले. मेमरीची पट्टी काढली, खोडरबरने घासली, परत बसवली. जुनी सिस्टीम कोलमडलेली होती, फायली मात्र शाबूत असाव्यात. मामांनी स्वतःजवळची हलकी नवी सिस्टीम पेनड्राइव्हवरून लावली. मशीनने कुरकुर केली आणि ते उठलं. फोटोंचा कप्पा उघडला. एकेचाळीस फोटो.

बाळाचे, पेटीचे, पेटीत हात घातलेल्या आईचे. बाईंच्या नवऱ्याने काढलेले असावेत. शेवटच्या दिवसाचे दोन होते. दोन्ही दाराबाहेरच्या बाकाजवळून काढलेले, बाई काचेला टेकून उभ्या, आणि त्यांच्या खांद्याच्या मागे सिस्टरांच्या टेबलावरचा पडदा. पांढरे आकडे. फोटोंखाली वेळ होती. एक सकाळी दहाला दहा कमी असतानाचा, दुसरा दुपारी एक वाजून वीस मिनिटांचा.

मामांचा हात माउसवर थांबला. फोटो मोठे केले की कळणार होतं. सहाच्या सहा आकडे दोन्ही फोटोंत तेच असतील तर दुसरा काही अर्थच नाही, सहा बाळं साडेतीन तास दशांशानेसुद्धा हलत नाहीत असं जगात होत नाही. आणि निराळे असतील तर आपण सुटलो, निदान या बाळापुरते. न बघताही देता येत होते फोटो. कॉपी करायचे, द्यायचे, नमस्कार करायचा. एवढंच कशाला, ते दोन फोटो खराब झाले होते असं सांगितलं असतं तर कुणाला कळलं असतं? एक बोट पुरे होतं. मामांना स्वतःची भीती वाटली, कारण ते बोट खरंच तिकडे गेलं होतं.

त्यांनी पहिला फोटो मोठा केला आणि सहा आकडे एका चिठ्ठीवर लिहून घेतले. मग दुसरा मोठा केला. एकेक आकडा ताडून बघितला. पहिला तोच. दुसरा तोच. तिसऱ्याला ते थांबले, चष्मा पुसला, परत बघितलं. सहाही तेच होते.

"उघडले का हो?" बाई उठून जवळ आल्या. जिन्याखाली जागाच तेवढी, त्या मामांच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. पडद्यावर त्यांचाच फोटो होता, मोठा केलेला, त्यांच्या खांद्यामागचे आकडे स्पष्ट दिसत होते. त्यांनी तोंडावर पदर धरला. रडतील असं मामांना वाटलं, पण त्यांच्या डोळ्यांत थोडंसं हसू होतं.

"याच आकड्यांकडे बघत बसायचो आम्ही," त्या म्हणाल्या. "दिवसभर. त्या शेवटच्या दिवशी तर त्याचा आकडा जराही हलला नव्हता. मी यांना म्हटलं होतं, आज बघा किती छान ऊब धरलीय त्याने. फार बरं वाटलं होतं मला त्या दिवशी."

मामांनी खुर्ची सोडली आणि बाईंना तिच्यावर बसायला सांगितलं. स्वतः वाकून उभे राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं, ठिपका काढला तिथपासून. तो आधीच अशक्त होता, असं सिस्टर म्हणाल्या होत्या, तेवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते त्यांच्या तोंडून शोभलं नसतं.

बाई ऐकत होत्या.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"साडेतीन तास तरी. त्याच्या आधी किती, नंतर किती, ते मला माहीत नाही. ते कळायची सोयही मीच बंद केली होती."

बाईंनी चिठ्ठी उचलली, सहा आकडे वाचले आणि ती टेबलावर परत ठेवली. मग त्या दुपारच्या फोटोकडे बघत राहिल्या. त्यातल्या स्वतःकडे, काचेला टेकून समाधानाने उभ्या असलेल्या बाईकडे.

"म्हणजे मी इथे उभी होते," त्या म्हणाल्या, "तेव्हा त्याला थंडी वाजत होती."

बाईंनी मामांकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "ह्यात माझाच फोटो आहे. त्याचा दाखवा." मामांनी फोटो मागे नेत पेटीतल्या बाळाचा पहिला फोटो लावला आणि ते दुकानाबाहेर पायरीवर जाऊन बसले.